महाजालातील रहदारीची मोजदाद

घरात कोणाचे अंग गरम लागले, की आपण कपाळावर हात ठेवतो खरे. पण तेवढ्यावर औषध देत नाही. तापमापी लावतो, आकडा पाहतो, चार-चार तासांनी तो कागदावर मांडून ठेवतो, आणि डॉक्टर आले की तो कागद त्यांच्यापुढे धरतो. ताप सकाळी उतरतो आणि संध्याकाळी चढतो, एवढे त्या कागदावरून दिसले तरी निदानाची दिशा बदलते. इंटरनेटच्या बाबतीत मात्र आपण अजून कपाळावर हात ठेवण्याच्या पायरीवरच आहोत. ‘आज नेट फार मंद आहे’ असे घरचा मुलगा म्हणतो, कचेरीतला कारकून म्हणतो. बँकेच्या खिडकीमागचा माणूस तर ‘सर्व्हर डाउन आहे’ एवढे म्हणून खिडकीच बंद करतो. किती मंद, केव्हापासून मंद आणि नेमके कोठे मंद, हे तीन प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. ते विचारता येतात आणि त्यांची उत्तरे आकड्यांत मिळतात, याची पुष्कळांना कल्पनाच नसते. हे मोजण्याचे साधन तीस वर्षांहून अधिक काळ वापरात आहे आणि मुळात ते घरच्या विजेच्या मीटरइतके साधे आहे. ते कसे चालते, त्यावरून काय कळते आणि काय कळत नाही, हे आम्ही येथे सांगणार आहोत. त्यातच पुढे एक नाजूक प्रश्न येतो, तो असा की रहदारी मोजता मोजता आपण माणसांवर पाळत तर ठेवू लागत नाही ना?

मोजल्यावाचून केवळ तर्काने उपाय योजला तर तो कसा फसला असता, याचे एक जुने उदाहरण आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचे विद्यापीठ या दोन संस्था अगदी शेजारी आहेत. त्यांच्यामधले अंतर अवघे ४०० यार्ड. ऑक्टोबर १९८६ मध्ये या दोन संस्थांमधील संदेशवहनाचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून एकदम ४० बिटांवर आला. म्हणजे आठशे पटींनी घसरला. सेकंदाला ४० बिट म्हणजे इंग्रजीची पाच अक्षरे. त्यापेक्षा निरोप्या चालत गेला असता तर लवकर पोचला असता! तार तुटली नव्हती, यंत्र जळले नव्हते. व्हॅन जेकब्सन या शास्त्रज्ञाने मायकेल कॅरेल्स यांच्या साहाय्याने तारेवरून जाणाऱ्या एकेका पुडक्याची वेळ तपासली, तेव्हा खरा प्रकार उघड झाला. गर्दीत पुडके हरवले की पाठवणारे संगणक तेच पुडके पुन्हा पाठवीत, त्याने गर्दी वाढे, म्हणून आणखी पुडकी हरवत, आणि ती पुन्हा पाठवली जात. जत्रेत दरवाजाशी चेंगराचेंगरी झाली असता मागचे लोक अधिक जोराने रेटू लागतात, तसाच हा प्रकार. जेकब्सन आणि कॅरेल्स यांनी १९८८ मध्ये आपला निबंध प्रसिद्ध केला. पाठवणाऱ्याने सुरुवात बेताने करावी आणि पुडके हरवल्याची चाहूल लागताच हात आवरता घ्यावा, हा त्यातील उपाय सुधारलेल्या रूपांत आजही आपल्या खिशातल्या फोनमध्ये काम करतो आहे. केवळ तर्काने चालणाऱ्याने त्या वेळी ‘तार अपुरी पडते, मोठी टाका’ असे सांगितले असते. मोठी तारही काही दिवसांनी तशीच तुंबली असती.

आता मोजायचे कोठे, ते पाहू. महाजालातून जाणारा मजकूर, मग ते चित्र असो, गाणे असो वा पत्र असो, लहान लहान तुकड्यांत पाठवला जातो. या तुकड्याला पॅकेट म्हणतात. सामान्यतः एका पॅकेटात फार तर १५०० बाइट मावतात. जेथे अनेक तारा एकत्र येतात त्या चौकात राउटर नावाचे यंत्र बसवलेले असते. आलेल्या प्रत्येक पॅकेटावरचा पत्ता वाचायचा आणि त्याला योग्य त्या तारेवर पुढे रवाना करायचे, हे त्याचे काम. राउटरला जितक्या तारा जोडलेल्या, तितकी त्याला दारे. या दाराला इंटरफेस म्हणतात. आमच्या विषयाचा सारा मुक्काम या दाराशीच आहे, कारण येणाजाणाऱ्याला दार चुकवता येत नाही. पूर्वी आपल्या शहरांच्या वेशीवर जकात नाके असत, तीही याच हिशेबाने बसवलेली होती.

प्रत्येक दाराशी राउटर मुख्यतः दोन गोष्टींची मोजणी ठेवतो: आत किती बाइट आले आणि बाहेर किती गेले. ही मोजणी कशी असते? विजेच्या मीटरसारखी. मीटर ‘या महिन्यात इतके युनिट’ असे कधीच सांगत नाही. तो बसवल्या दिवसापासून पुढे पुढेच जात असतो. वीज मंडळाचा माणूस मागच्या महिन्याचा आकडा या महिन्याच्या आकड्यातून वजा करतो, तेव्हा वापर कळतो. राउटरचेही तेच. समजा, सकाळी १० वाजता एका दाराचा आकडा वाचला आणि १० वाजून ५ मिनिटांनी पुन्हा वाचला. मधल्या वेळात तो १८ लाखांनी पुढे गेला. म्हणजे ३०० सेकंदांत १८ लाख बाइट गेले. एका बाइटात आठ बिट असतात. म्हणून १८ लाखांस ८ ने गुणून ३०० ने भागले की सेकंदाला ४८ हजार बिट हा वेग निघतो. तार ६४ हजार बिटांची असेल तर ती पाऊण भरून चालली आहे, हे ताबडतोब समजले. चौथीच्या मुलालाही जमेल असे हे गणित आहे.

बिट आणि बाइट यांची गफलत सर्रास होते, म्हणून एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. कंपनी तार विकताना वेग बिटांत सांगते, आणि आपला संगणक उतरवलेला मजकूर दाखवताना बहुधा बाइटांत दाखवतो. शंभर मेगाबिटांची जोडणी घेतलेल्या गृहस्थाला पडद्यावर साडेबारा मेगाबाइटपेक्षा मोठा आकडा कधी दिसणारच नाही. यात कंपनीने फसवले असे नाही. आठाने भागायचे राहिले, इतकेच.

मीटरचे आकडे संपले की तो पुन्हा शून्यापासून सुरू होतो. राउटरच्या जुन्या मोजणीचेही तसेच आहे. ती ३२ बिटांची असल्यामुळे ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत जाऊन पुन्हा शून्यावर येते. तार दहा मेगाबिटांची होती तेव्हा हा फेरा पुरा व्हायला सुमारे ५७ मिनिटे लागत. शंभर मेगाबिटांची तार आली आणि तो पावणेसहा मिनिटांवर आला. हजार मेगाबिटांच्या तारेवर तर तो ३४ सेकंदांत पुरा होतो. पाच मिनिटांनी आकडा वाचणाऱ्याला मध्ये आठ फेरे होऊन गेल्याचा पत्ताच लागत नाही. त्याच्या आलेखावर भरून वाहणारी तार रिकामी दिसते. म्हणून पुढे ६४ बिटांची मोजणी आली. दहा हजार मेगाबिटांच्या तारेवरही तिचा एक फेरा पुरा व्हायला साडेचारशेहून अधिक वर्षे लागतील, तेव्हा ती चिंता आपल्या पणतवंडांच्याही पुढच्यांनी करावी. तथापि जुनी मोजणी वाचणाऱ्या आज्ञा अद्याप कोठे कोठे तशाच राहून गेलेल्या आढळतात, आणि मग आलेखावर अजब दऱ्या उमटतात.

हे आकडे दूर बसून विचारता यावेत यासाठी १९८८ मध्ये एक प्रश्नोत्तराची रीत ठरली. तिचे नाव एसएनएमपी. राउटरमधील प्रत्येक मोजणीला एक क्रमांक दिलेला असतो. विचारणाऱ्याने तो क्रमांक सांगावा आणि राउटरने आकडा द्यावा. विचारणारा आपला आहे की परका, हे ओळखण्यासाठी एक परवलीचा शब्द असे. कारखान्यातून यंत्र निघताना तो शब्द बहुधा ‘पब्लिक’ असाच घातलेला असे. कुलूप विकत घ्यावे आणि किल्ली त्यालाच लटकत ठेवावी, अशातला हा प्रकार! शिवाय तो शब्द तारेवरून उघडाच जाई. या रीतीच्या तिसऱ्या आवृत्तीत ओळख पटवणे आणि मजकूर गुप्त ठेवणे या दोन्हींची सोय झाली. पण सोय झाली म्हणजे लोक ती वापरतातच असे नाही.

आकडे मिळाले, पण आकड्यांच्या रकान्यांकडे पाहून माणसाच्या मनात चित्र उभे राहत नाही. इंग्लंडमधील लेस्टर येथील डी माँटफोर्ट विद्यापीठात टोबियास ओटिकर हे १९९४ मध्ये काम करीत होते. त्या ठिकाणाहून बाहेरच्या जगाकडे जाणारी तार एकच, आणि तीही ६४ हजार बिटांची. साहजिकच त्या तारेची अवस्था काय आहे, हे जाणून घेण्याची प्रत्येकाला उत्सुकता होती. ओटिकर यांनी एक छोटासा कार्यक्रम लिहिला. तो ठरावीक वेळाने राउटरला आकडा विचारी, वजाबाकी करी आणि आलेख काढून सर्वांना पाहता येईल असा मांडी. १९९५ च्या वसंतात त्यांनी तो एमआरटीजी या नावाने जगासाठी मोफत खुला केला. (त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने आपल्याकडे सामान्य जनतेसाठी इंटरनेट सुरू केले, हा योगायोग.) पुढे डेव्ह रँड यांच्या साहाय्याने तो अधिक जलद झाला, आणि १९९९ मध्ये ओटिकर यांनी त्याच्या पोटातील साठवणीचा भाग आरआरडीटूल या नावाने वेगळा काढला. आत येणाऱ्या रहदारीचा हिरवा पट्टा आणि बाहेर जाणाऱ्या रहदारीची निळी रेघ ही जोडी जगभरच्या यंत्रज्ञांच्या डोळ्यांत अगदी बसून गेली आहे. मोठ्या कंपन्या अशाच कामासाठी महागडी साधने विकत असताना एका माणसाने गरजेपोटी लिहिलेले हे साधन सर्वत्र पसरले, याचे आम्हांला मोठे कौतुक वाटते.

आलेख कसा वाचावा, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे.

कोल्हापूरकरांना पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याची पातळी तोंडपाठ असते: ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. नुसता आजचा आकडा ऐकून ते थांबत नाहीत; काल किती होती आणि तासाला किती इंचांनी चढते आहे, हेही विचारतात. रहदारीचा आलेखही असाच वाचायचा. पहाटे तो खाली असतो, दहाच्या सुमारास कचेऱ्या उघडल्या की चढतो, वसाहतीत रात्री जेवणानंतर सर्वांत उंच जातो. हा रोजचा श्वासोच्छ्वास एकदा डोळ्यांत बसला की विकृती आपोआप उठून दिसते. रविवारी पहाटे तीन वाजता एकाच दाराने रहदारी एकदम चढली, तर कोणी साठा-नक्कल घेत आहे किंवा कोणी चोर शिरला आहे. दोहोंपैकी काय, ते पुढे पाहावे लागते.

आलेखाच्या माथ्याकडे विशेष लक्ष द्यावे. मोकळ्या तारेवरचे शिखर सुळक्यासारखे, वेडेवाकडे असते. तार भरून गेली की शिखर उरत नाही. पाचगणीच्या टेबललँडसारखे सपाट पठार दिसू लागते. रोज रात्री साडेआठपासून अकरापर्यंत पठार दिसत असेल, तर मागणी त्याहून किती अधिक होती हे आलेखाला सांगताच येत नाही, कारण जे दारातून गेलेच नाही ते मोजले कसे जाणार? अशा वेळी त्याच दाराची दुसरी एक मोजणी पाहावी, ती म्हणजे गर्दीमुळे टाकून दिलेल्या पॅकेटांची. पठार आणि टाकलेली पॅकेटे ही दोन्ही एका वेळी दिसली, की ‘नेट मंद आहे’ या तक्रारीला पुरावा मिळाला म्हणून समजावे. उलट, आलेख निम्म्यावरही नसताना तक्रार येत असेल तर दोष त्या तारेत नाही. घरातल्या वायफायमध्ये, पलीकडच्या टोकाच्या यंत्रात किंवा आणखी कोठे तरी शोधला पाहिजे.

आत आणि बाहेर हे शब्दही जपून वाचावेत. ते राउटरच्या बाजूने बोललेले असतात. गावाकडे तोंड केलेल्या दारातून जे ‘बाहेर’ जाते तेच गावाच्या दृष्टीने ‘आत’ येते. दोन कचेऱ्यांतील माणसे एकाच तारेवरून तासभर वाद घालतात आणि शेवटी दोघेही खरे ठरतात, ते यामुळे.

सगळ्यांत फसवी गोष्ट म्हणजे सरासरी. शंभर मेगाबिटांची तार एक मिनिट तुडुंब भरली आणि पुढची चार मिनिटे रिकामी राहिली, तर पाच मिनिटांची सरासरी वीस मेगाबिट येते. आलेख म्हणतो, तार एक-पंचमांशच वापरात आहे. पण त्या एका मिनिटात ज्याचे दूरध्वनीवरचे बोलणे तुटले, त्याला ही सरासरी दाखवून काय उपयोग? टेलिफोनच्या काळी एर्लांग नावाच्या डॅनिश गणितज्ञाने १९०९ पासून बांधलेले शास्त्र असे मानून चाले, की पुष्कळ लोकांचे बोलणे एकत्र आले की चढउतार एकमेकांत मुरून जातात. संगणकांच्या रहदारीत तसे होत नाही. बेलकोर प्रयोगशाळेतील लेलंड, विलिंजर आणि विल्सन यांनी गणितज्ञ टाकू यांच्यासह १९९३-९४ मध्ये दाखवून दिले, की ही रहदारी सेकंदाच्या अंशात पाहा, मिनिटांत पाहा, की तासांत पाहा, ती तशीच खाचखळग्यांची दिसते. कोकणचा किनारा नकाशात दातेरी दिसतो आणि जवळ जाऊन पाहिला तरी दातेरीच दिसतो, तसे.

त्यात जुने आकडे साठवण्याची रीत आणखी भर घालते. एमआरटीजी आपली वही कधी वाढू देत नाही. दिवसाचा आलेख पाच मिनिटांच्या सरासरीचा, आठवड्याचा अर्ध्या तासाच्या, महिन्याचा दोन तासांच्या आणि वर्षाचा अख्ख्या दिवसाच्या सरासरीचा. त्यामुळे मागच्या गणपतीत विसर्जनाच्या रात्री तार तुंबली होती की काय, हे वर्षाच्या आलेखावर शोधू गेल्यास ते शिखर वितळून गेलेले असते. सरासरीबरोबर त्या त्या काळातील सर्वोच्च आकडाही जपून ठेवावा, अशी सोय आरआरडीटूलमध्ये आहे. ती वापरण्याचा आग्रह धरावा, असे आम्ही सुचवतो.

या आकड्यांवर पैशांचे व्यवहारही होतात. मोठ्या ग्राहकांना कंपन्या पुष्कळदा ‘पंचाण्णवाव्या शतमाना’ने आकारणी करतात. महिन्यातील ३० दिवसांचे पाच-पाच मिनिटांचे ८,६४० आकडे चढत्या क्रमाने मांडायचे, वरचे पाच टक्के, म्हणजे ४३२ आकडे, सोडून द्यायचे आणि उरलेल्यांतील सर्वांत मोठ्या आकड्यावर पैसे घ्यायचे. सोडून दिलेले ४३२ आकडे म्हणजे ३६ तास. रोज एकच तास तार भरणाऱ्याचे ३० तास होतात. ते सारे सोडून दिलेल्या भागात जातात आणि त्याला त्या शिखराचा एक पैसाही पडत नाही. रोज दोन तास भरणाऱ्याचे ६० तास होतात, आणि त्याला मात्र महिनाभर शिखरावरच असल्याप्रमाणे आकारणी होते. या हिशेबात लबाडी नाही, पण तो ठाऊक नसलेल्या ग्राहकाला तो लबाडीसारखा वाटल्यास नवल नाही.

येथवर आम्ही ‘किती’ या प्रश्नाचेच उत्तर दिले. तार भरली हे कळले. कोणामुळे भरली हे दारावरची मोजणी सांगू शकत नाही. जकात नाक्यावर दोन माणसे बसलेली आहेत अशी कल्पना करा. पहिला नुसत्या गाड्यांची आणि वजनाची बेरीज करतो. दुसरा वही उघडून लिहितो: गाडी कोठून आली, कोठे जायची, माल कोणता, किती पोती, किती वाजता. महाजालातील या दुसऱ्या माणसाच्या वहीला नेटफ्लो म्हणतात. अमेरिकेतील सिस्को कंपनीने ही पद्धत १९९६ च्या सुमारास आपल्या राउटरांत आणली. एकाच पत्त्यावरून एकाच पत्त्याकडे, एकाच कामासाठी जाणाऱ्या पॅकेटांच्या रांगेला तिच्यात ‘फ्लो’, म्हणजे प्रवाह, असे म्हणतात. पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता, दोघांची पोर्ट-संख्या, संदेशवहनाची रीत, सेवेचा प्रकार आणि ज्या दारातून पॅकेट आत आले ते दार या सात गोष्टी जुळल्या, की पॅकेट त्याच प्रवाहातले. प्रवाह थांबला की राउटर त्याची एक नोंद करतो. प्रवाह फारच लांबला, तर ठरलेल्या मुदतीला मध्येच नोंद करतो. पाचव्या आवृत्तीतील एक नोंद ४८ बाइटांची. तीत पॅकेटे किती, बाइट किती, आरंभ केव्हा, शेवट केव्हा, कोणत्या दाराने आत आले आणि कोणत्या दाराने बाहेर गेले, हे सारे असते. या पद्धतीचेच पुढचे सर्वमान्य रूप आयपीफिक्स या नावाने ठरले. त्याची आजची नियमावली २०१३ ची आहे.

या वहीवरून आलेख काढले की दाराच्या एकरंगी पट्ट्याचे थर सुटे होतात. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातील डेव्ह प्लोंका यांनी २००० मध्ये फ्लोस्कॅन या आपल्या साधनाने हेच केले. पत्रांचा थर वेगळा, संकेतस्थळांचा वेगळा, आणि त्या काळी विद्यार्थ्यांत गाजलेल्या नॅपस्टर या गाणी-अदलाबदलीचा वेगळा. तोवर ‘विद्यार्थी काहीतरी करतात’ एवढेच म्हणता येत असे.

वहीचा उपयोग संकटात कसा होतो, ते २५ जानेवारी २००३ च्या शनिवारी दिसले. आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी अकराच्या सुमारास स्लॅमर नावाचा संगणक-किडा सुटला. त्याचे सारे शरीर ४०४ बाइटांच्या एकाच पॅकेटात मावत होते. लागण झालेला संगणक त्याच्या नकला वाटेल त्या पत्त्यांवर भराभर फेकी. सुरुवातीला लागण झालेल्यांची संख्या दर साडेआठ सेकंदांनी दुप्पट होत होती. दहा मिनिटांत बहुतेक सारे दुर्बल संगणक त्याने गाठले. त्यांची संख्या निदान ७५ हजार होती. दाराच्या आलेखावर यातून एक उभी भिंत तेवढी दिसते. प्रवाहांच्या वहीत मात्र ओळीमागून ओळ एकसारखी: १४३४ हे पोर्ट, ४०४ बाइट, एक पॅकेट, आणि प्रत्येक वेळी नवा पत्ता. एवढे दिसले की त्या पोर्टाची पॅकेटे दाराशीच अडवायची, हा उपाय ठरवायला वेळ लागत नाही. मात्र या हल्ल्यात प्रत्येक पॅकेट हा नवाच प्रवाह ठरतो, त्यामुळे नोंद करणाऱ्या राउटरचीही दमछाक होते, हेही खरे.

भरधाव तारांवर प्रत्येक पॅकेटाची नोंद परवडत नाही. म्हणून शितावरून भाताची परीक्षा करतात. हजारातून एखादे पॅकेट उचलून पाहायचे आणि त्यावरून सर्वांचा अंदाज बांधायचा. एसफ्लो ही २००१ ची पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. किती शिते चाचपली यावर अंदाजाची खात्री अवलंबून असते. एखाद्या प्रकारची १०० पॅकेटे हाती लागली असतील तर अंदाज वीस टक्क्यांनी इकडेतिकडे होऊ शकतो. १०,००० लागली असतील तर दोन टक्क्यांनी. आश्चर्य असे, की एकूण रहदारी किती मोठी होती याचा या खात्रीशी फारसा संबंध नाही. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी आपल्या देशात उभारलेल्या नमुना पाहण्यांमागेही हेच गणित होते. बिलाच्या हिशेबाला आणि गर्दी ओळखायला नमुना पुरतो. पण एखादाच चोर पकडायचा असेल, तर त्याचे पॅकेट नमुन्यात येईलच याची हमी नाही.

आता त्या नाजूक प्रश्नाकडे वळू. वहीत मजकूर नसतो. पाकीट फोडलेले नसते, फक्त पाकिटावरचे पत्ते, वजन आणि टपालाची वेळ लिहिलेली असते. म्हणून ती निरुपद्रवी आहे, असे सांगणारे भेटतात. आम्हांला ते पटत नाही. कोण गृहस्थ रात्री दोन वाजता कोणत्या रोगाच्या इस्पितळाच्या, कोणत्या सावकाराच्या किंवा कोणत्या पक्षाच्या स्थळाशी रोज अर्धा तास जोडलेला असतो, एवढे कळल्यावर मजकूर वाचायची गरज ती काय उरली? अमेरिकेत सरकार दूरध्वनी-नोंदींचे असेच ढीग गोळा करीत असल्याचे जून २०१३ मध्ये उघड झाले, तेव्हा तेथेही ‘बोलणे ऐकले नाही, फक्त क्रमांक टिपले’ असेच समर्थन झाले होते.

अलीकडे मजकूर बहुतांशी गुप्त लिपीत जातो, आणि वेगवेगळी कामे ४४३ या एकाच पोर्टावरून होतात, त्यामुळे २००० सालचे थर आता तितके स्वच्छ दिसत नाहीत. एकाच मोठ्या साठवण-केंद्रातून हजारो स्थळांचा मजकूर येत असल्याने पत्त्यावरूनही पूर्वीइतके कळत नाही. पण कोणी, केव्हा आणि किती, हे तीन रकाने अद्याप भरलेलेच आहेत.

आपल्या देशात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात दिला. दुसरीकडे, सर्ट-इन या सरकारी यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या आदेशाने कंपन्यांना आणि संस्थांना आपल्या यंत्रांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवणे बंधनकारक केले. हल्ल्याचा माग काढायचा तर मागच्या नोंदी लागतात, हे स्लॅमरच्या उदाहरणावरून पटण्यासारखे आहे. प्रश्न उरतो तो, वही कोणाच्या कपाटात राहते, किल्ली कोणाकडे आहे आणि मुदत संपल्यावर ती खरोखर फाडली जाते की नाही, हा. एखाद्या सोसायटीने, महाविद्यालयाने किंवा वाचनालयाने आपल्या सभासदांसाठी जोडणी घेतली असेल, तर हा प्रश्न दिल्लीपर्यंत न्यायचेही कारण नाही; तो वार्षिक सभेतच विचारता येतो. तार भरते की नाही हे पाहायला दाराचे आकडे पुरे आहेत. ते सर्वांना दिसतील असे लावावेत. प्रवाहांची वही काढायची झाल्यास कशासाठी, किती दिवसांसाठी आणि कोण पाहणार, हे ठरावात लिहून मगच काढावी.

घरच्या राउटरच्याही आतल्या पानावर बहुधा ‘आले’ आणि ‘गेले’ असे दोन आकडे असतात. कागद घेऊन ते दिवसाच्या ठरावीक वेळी आठवडाभर लिहून काढले, तर वजाबाकीने आपल्या घरचा आलेख हातानेही काढता येईल. वीज जाऊन आली की ते आकडे शून्यावर येतात, तेवढे लक्षात ठेवावे. मोठ्या प्रमाणावर हेच पाहायचे असेल, तर ॲमस्टरडॅम आणि फ्रँकफुर्ट येथील महाजालाच्या विनिमय-केंद्रांचे आलेख कोणालाही पाहता येतात. मार्च २०२० मध्ये साथीने युरोप घरात बसू लागला, तेव्हा फ्रँकफुर्टच्या केंद्राचा आलेख १० तारखेला सेकंदाला नऊ टेराबिटांच्या, म्हणजे नऊ लाख कोटी बिटांच्या, वर गेलेला साऱ्या जगाने पाहिला. त्या आलेखात साऱ्या दारांची बेरीज आहे. कोणाचे पॅकेट कोणाकडे गेले, हे त्यात नाही.